हेरिनच्या टेबलावरचा हात

देगू, ९ सप्टेंबर

वन्सं,

काल खोकं पोचलं. जाडं मीठ पाच किलो, सुकी बारीक मासळी दोन पुडे, लसणाच्या दोन माळा आणि वाळवलेल्या शेवाळाची एक मोठी जुडी. मिठाची पिशवी कोपऱ्यात फाटली होती. सांडलेलं चाळून घेतलं, वाया काही गेलं नाही. भाडं तुम्ही भरलं होतंत, तरी बेटावरून आलेल्या खोक्याला जादा म्हणून कुरियरवाल्याने माझ्याकडून तीन हजार वॉन घेतलेच. मागत नाही. वहीत लिहिलंय म्हणून इथेही लिहिलं, एवढंच.

वर्षभर शब्द नाही आणि एकदम खोकं. आत चिठ्ठी एका ओळीची, ‘हेरिनच्या वाढदिवसाला.’ वन्सं, तुम्ही एवढी वर्षं शाळेत काढलीत. परीक्षेच्या वर्षी घरात शेवाळाचं सूप शिजवत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं? वाढदिवसाला सूप प्यावं हे खरं, पण यंदा आमच्या हेरिनला वाढदिवसच नाही. निसरडी वस्तू पोटात गेली की पोर पेपरात घसरते. खोकं उघडलं तेव्हा शेजारची बाई उभी होती. म्हणाली, "कुणी पाठवलं हे? वैऱ्याने?" मी म्हटलं, "नणंदेने." तर म्हणते, "तेच ते."

जुडी वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे ठेवलीय. विसरून पाठवलीत की मुद्दाम, विचारत नाही.

हेरिन यंदा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय. गेल्या वर्षी थोडक्यात गेलं. चुसोकच्या सणाला तुम्ही आलात आणि तिचं प्रक्षेपण चालू असताना भिंतीतली वायर उपटलीत. "पोरीला काचेच्या बरणीत घातलंय तुम्ही," म्हणालात आणि जेवत्या ताटावरून उठलात. तेव्हा माझं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून आता कागदावर सांगते. ती कॅमेऱ्यासमोर नाचत नाही, गात नाही. कॅमेरा टेबलावर दांडीला टांगलाय. त्यात दिसतं काय, तर टेबल, वही, घड्याळ आणि तिचे दोन हात. तोंड कधीच दिसत नाही, बोलणंही नाही. ती अभ्यास करते, आणि गावोगावची पोरं आपापल्या खोलीत फोन उभा करून तिच्याबरोबर अभ्यास करतात. एकट्याने बसवत नाही, म्हणून सोबत. तिचं नावही त्यांना ठाऊक नाही. ‘हात-ताई’ म्हणतात. परवा एका वेळी दहा हजारांवर पोरं होती म्हणे. तुमच्या बेटावरच्या शाळेने उभ्या जन्मात एवढी पोरं पाहिली नसतील.

तुमची शाळा बंद झाली. उरलेल्या दोन पोरांना पडद्यासमोर बसवून मुख्य भूमीवरच्या वर्गाला जोडून दिलं, आणि तुम्ही राजीनाम्याबरोबर सरकारी फोनही परत केलात. लागलं असेल, समजते मी. पण तो राग आमच्या भिंतीतल्या वायरीवर?

आता शिकवणीवाल्यांनीही तिची दखल घेतलीय. त्यांचे इंटरनेटवरचे सगळे वर्ग तिला फुकट. बदल्यात टेबलावर त्यांची पुस्तकं दिसली पाहिजेत, आणि परीक्षेपर्यंत सकाळी सात ते रात्री अकरा हात दिसले पाहिजेत. करारावर हेरिनच्या बाबांनी सही केली. बस डेपोत सगळ्या ड्रायव्हरांना पेढे वाटावेत तसा फोन दाखवत फिरले.

आणि माझी एक गंमत. पहाटे मी बुद्धाचं सूत्र म्हणताना तालाला लाकडी मासा वाजवते ना, तो टकटक आवाज भिंतीतून तिच्या खोलीत जायचा आणि तिथून पोरांच्या कानात. मी लाजून बंद केला, तर ढीगभर निरोप आले, ‘आई कुठे गेल्या? आमची घंटा कुठे गेली?’ आता रोज बरोबर सातला वाजवते. त्यावर पोरं पुस्तक उघडतात. मला त्याचं काही नाही. देवाचं नाव दहा हजार कानांत जातं, एवढंच पुण्य.

उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

सुन-ओक

देगू, २८ सप्टेंबर

वन्सं,

उत्तर मिळालं. एका ओळीचं का होईना. ‘हेरिन खिडकीबाहेर कधी बघते?’

हे काय विचारणं झालं? खिडकीला काळा पडदा लावलाय, कारण सकाळचं ऊन वहीवर पडलं की अक्षरं दिसत नाहीत अशी तक्रार येते. पोरं आपल्या वह्यांतलं उत्तर तिच्या उत्तराशी ताडून बघतात. मग ऊन कसं येऊ देणार?

पण तुमच्या त्या ओळीनंतर माझंच लक्ष घराकडे जायला लागलं. हेरिनचे बाबा पहाटे बूट हातात घेऊन जिना उतरतात. कुकर मी बाल्कनीत नेऊन ठेवलाय, शिट्टी झाली की कुणीतरी लिहितं, ‘हात-ताईकडे आज भात.’ मग शंभर जण भाजी काय ते विचारतात. शिंक आली तर मी उशीत शिंकते. लाकडी मासाही आता सूत्रासाठी वाजत नाही. आधी घड्याळ बघते, सातला वाजवते, मग उरलेलं सूत्र मनात म्हणते. मध्ये दोन दिवस घसा बसला होता, तर हेरिनने फोनमध्ये भरून ठेवलेली टकटक लावली. कुणाला कळलंही नाही. मी देवघरासमोर गप्प बसून माझाच आवाज भिंतीपलीकडून ऐकत होते.

या महिन्यात आणखी एक झालं. तुम्हाला लिहू की नको, चार दिवस ठरत नव्हतं.

पौर्णिमेला मी हेरिनला गातबावीच्या डोंगरावर घेऊन गेले. वरचा दगडी बुद्ध एक इच्छा हमखास पुरवतो, परीक्षेच्या दिवसांत आयांची रांग लागते. तिला म्हटलं, "चल, सकाळच्या सकाळी जाऊन येऊ. कॅमेऱ्यासमोर पाटी ठेव, ‘दुपारी येते’ म्हणून." पाटी ठेवली, पण पंख्याच्या वाऱ्याने पालथी पडली. पोरांना दिसलं काय, तर रिकामं टेबल, उघडं पेन आणि खुर्चीची पाठ. तास गेला, दोन गेले. कुणी लिहिलं, ‘ताईने जिवाचं काही करून तर नाही घेतलं?’ मग काय, वणवाच. आम्ही परतलो तर दारात अग्निशामक दलाची माणसं, कुलूप तोडायच्या तयारीत. पत्ता कसा काढला, तर लाकडी माशाचा आवाज, आमच्या वस्तीतल्या देवळाची घंटा आणि खालून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीची हाळी, हे सगळं जुळवून.

त्यांच्यातला एक जण डोक्यावरचं हेल्मेट काढून म्हणाला, "मावशी, पोर जिवंत आहे ना? मग तेवढं एकदा कॅमेऱ्यासमोर दाखवा. आमचे फोन बंद होत नाहीयेत."

हेरिन तशीच आत गेली. टेबलावर दोन्ही हात ठेवले, तळवे उपडे, आणि कपाळ त्यांवर टेकवलं. क्षमा मागितली. तिचे केस पहिल्यांदा कॅमेऱ्यात दिसले. मग उठली, बसली आणि पेन उचललं.

तेव्हापासून जेवायलाही उठत नाही. मी ताट डाव्या हाताशी ठेवते, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. ती उजव्या हाताने लिहिते आणि डाव्याने चाचपडत खाते.

बाबा म्हणतात, "थोडेच दिवस राहिलेत गं. बस रस्त्यावर निघाली की मधेच सोडता येते का? शेवटच्या थांब्यापर्यंत न्यावीच लागते." मी म्हटलं, "बसला ब्रेक तरी असतो." ते हसले. मीही हसले, उशीत.

सुन-ओक

देगू, १५ ऑक्टोबर

वन्सं,

बातमी तुमच्यापर्यंत आली नसेल, तुमच्याकडे फोन नाही हे एका परीने बरंच. इथे भाजीवालीसुद्धा माझ्याकडे बघून कुजबुजते.

परवा हेरिनचा वाढदिवस झाला. आदल्या दिवशी सकाळी मी ताट ठेवायला गेले तर तिने चौकटीबाहेरच्या कागदावर लिहून दाखवलं, ‘उद्या सूप कर ना.’ मी मान हलवून नाही म्हटलं. तिने परत लिहिलं, ‘फक्त एक वाटी.’ मी परत नाही म्हटलं. मग नुसतं पेन फिरवत बसली.

आता मला सांगा, तिच्या जन्माच्या वेळी तुम्हीच ना तेवीस दिवस मला तेच सूप पाजलंत? बाळंतिणीला दुसरं काही चालत नाही म्हणून? ज्याच्यावर तिचं पहिलं दूध आलं, ते तिला एका परीक्षेपायी विष कसं होईल? असा विचार केला आणि पहाटे फळीवरून तुमची जुडी काढली. दारं-खिडक्या लावून, वास बाहेर जाऊ नये म्हणून ओला टॉवेल दाराखाली सारून, चोरासारखं शिजवलं. ठरवलं होतं की सातच्या आत स्वयंपाकघरात पाजायचं आणि भांडं घासून टाकायचं.

तिला हाक मारली. ती दार किलकिलं करून म्हणाली, "आई, इकडेच आण. कॅमेरा अजून लावला नाहीये."

मी वाटी नेली. वहीच्या शेजारी, अगदी मधोमध ठेवली. वर तीळ टाकलेले, वाफ निघत होती. तिने चमचा घेतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

कॅमेरा चालू होता.

वन्सं, त्या दिवशी आमच्या घरावर काय कोसळलं ते लिहिता येत नाही. ‘हात-ताईने शेवाळाचं सूप प्यायलं!’ ‘आईने पाजलं, आईचा हात दिसला!’ ‘सख्खी नसेल.’ ‘माझी परीक्षा महिन्यावर आली आणि हे मला बघायला लागलं, आता मी पण घसरणार.’ कुणी माझा हात, वाटी आणि वाफ एवढाच तुकडा कापून त्याला रडकं संगीत लावून फिरवला. शेजारीण तो घेऊन दारात. "सुन-ओक, लाखावर लोकांनी बघितलंय गं तुला. वाटी तरी जरा चांगली घ्यायचीस. ही तडा गेलेली."

दुपारी शिकवणीवाल्यांच्या माणसाचा फोन. गोड बोलतो, पोराच्या वयाचा. "काकू, घाबरू नका. उलट छान झालं. बघणारे दुप्पट झालेत. आता फक्त याचा उतारा दाखवू या. आम्ही चिकट मिठाईची पेटी पाठवतोय. संध्याकाळी तुम्ही स्वतःच्या हाताने पोरीच्या हातात ठेवा, कॅमेऱ्यासमोर. घसरली ती आता चिकटली, असं. लोकांना फार आवडेल."

"माझा हात दाखवायचा नाहीये मला," मी म्हटलं.

"काकू, तुमचा हात तर आता तिच्याइतकाच ओळखीचा झालाय."

संध्याकाळी तेही केलं. मिठाई तिच्या बोटांना चिकटली, माझ्याही चिकटली. दोघींचे हात सुटेनात. लिहिणारे म्हणे हसून हसून रडले.

रात्री कॅमेरा बंद झाल्यावर मी तिच्या बोटांना कोमट पाणी लावत बसले. म्हटलं, "चुकलं माझं. तू कॅमेरा लावला नाहीस म्हणालीस आणि मी नीट बघितलं नाही."

ती म्हणाली, "चुकलं नाही. चालू होता, मला माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं, सूप प्यायलेलं बघितलं की म्हणतील, हिचं आता संपलं. घसरणाऱ्याजवळ कोण बसतं? आपली आपली सुटका करून निघून जातील." मग खाली बघून म्हणाली, "दुप्पट आले, आई."

मी विचारलं, "अभ्यास तरी होतो का गं?"

"वसंतापासून नाही. डोक्यात काही जात नाही. हात चालतो तेवढाच. हात थांबला की लगेच विचारतात, ताई थांबलात का? मग परत चालवते."

वसंतापासून, वन्सं. मी रोज तिच्या डाव्या हाताशी ताट ठेवत होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सुन-ओक

देगू, २४ ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र मी हेरिनच्या टेबलावर बसून लिहितेय. सकाळचे दहा वाजलेत. माझ्या हातावर कॅमेरा आहे, आणि हे लिहिताना पंधरा हजार पोरं बघताहेत. घाबरू नका, अक्षर वाचता येणार नाही अशी वही तिरकी ठेवलीय. त्यांना फक्त हात चालताना दिसतो.

गेल्या गुरुवारी पहाटे हेरिन उठलीच नाही. डोळे उघडे, छताकडे. ताप नाही, काही नाही. मी म्हटलं, "बाळा, सात वाजत आलेत." ती म्हणाली, "आई, हात उचलत नाहीये." मी उचलून पाहिला. सोडला की खाली पडायचा, ओल्या कपड्यासारखा. दुसऱ्या रात्री अकरानंतर इस्पितळात डॉक्टरकडे नेली. ते म्हणाले, "हात धडधाकट आहे. हिला झोपू द्या, महिना-दोन महिने." मी म्हटलं, "परीक्षा चौदा नोव्हेंबरला आहे." ते म्हणाले, "मी हाताबद्दल बोलत नाहीये, बाई."

पण ते नंतर. त्या पहाटे सात वाजायला आले होते आणि टेबल रिकामं होतं. माझ्या डोळ्यांसमोर अग्निशामकवाल्यांची हेल्मेटं आली. पुन्हा दार, पुन्हा जिन्यात माणसं, आणि या वेळी पोर खरंच पलंगावर तशी पडलेली. मी लाकडी मासा वाजवला, तिचा लांब बाह्यांचा स्वेटर घातला आणि खुर्चीत बसले. बाह्या बोटांपर्यंत ओढल्या. तिचं पेन घेतलं. पण लिहू काय? मला त्या गणितांतलं काय कळतं? मॅट्रिकला मी हिशेबाचा विषय घेतला होता, तो निराळा. मग जे हाताला येतं तेच लिहायला लागले. सूत्र. देवळात बसून उतरवतो तसं, एकेक अक्षर.

कुणाला कळलं नाही. कळलं नाही कसलं, आवडलं. ‘ताईचा हात आज शांत आहे.’ ‘ताई आज सावकाश लिहितेय, माझाही श्वास सावकाश झाला.’ एकीने लिहिलं, ‘ताई, हात थकलेले दिसतात, क्रीम लावत जा.’ दुसऱ्या पहाटे, कॅमेरा लावायच्या आधी, हेरिनने ते मला पलंगावरून वाचून दाखवलं. किती दिवसांनी ती हसली असेल, मोजत बसत नाही.

बाबांनी मात्र ओळखलं. दुपारी डेपोत जेवताना नेहमीसारखा फोन उभा केला आणि घास तोंडात तसाच राहिला म्हणे. रात्री अकराला घरी आले, बूट हातात न घेता, पायांत घालूनच जिना चढले. मला वाटलं आता ओरडतील.

"तुझा हात मी ओळखणार नाही?" ते हळूच म्हणाले. "पेनावर एवढा जोर देणारी या घरात तूच." मग आत जाऊन हेरिनजवळ बसले. ती झोपली होती. बाहेर येऊन माझ्यापुढे एक पिशवी ठेवली. त्यात बोटं उघडी असणारे लोकरी हातमोजे. "थंडी पडलीय," म्हणाले, "आता घातले तर कुणी विचारणार नाही." सही त्यांची होती ना, त्याबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. मीही काढला नाही.

वन्सं, मला तुमच्याकडे मागायचंय ते हे. हेरिनला तुमच्याकडे येऊ द्या.

औषधोपचाराला नाही. तिला खोली लागणार नाही, तुमच्या लसणाच्या माळांखाली पसरून झोपेल. तिला काही शिकवू नका. काम सांगा, मिठाचं, लसणाचं, जे असेल ते. तिचा फोन इथेच ठेवून घेते, तो टेबलावर लागतोच. परीक्षा बुडेल. प्रवेशपत्र माझ्या ट्रंकेत आहे. तिला द्यायला गेले, तर तिने माझ्याच हातात परत दिलं. परीक्षा पुढच्या वर्षी असेल, त्याच्याही पुढच्या वर्षी असेल. डोंगरावरच्या बुद्धाकडे मी तिची परीक्षा मागून आले होते, आणि इच्छा एकच मागायची असते. ती परत घेऊन दुसरी मागता येते का, कुणा जाणत्या भिक्षुणीला विचारता आलं तर विचारा. मी विचारायला बाहेर पडू शकत नाही. सात ते अकरा मी इथे असते.

ती गेल्याचं कुणाला कळणार नाही. माझा हात चालतोय तोवर तिला कुणी शोधणार नाही. परीक्षेच्या दिवशी शिकवणीवाल्यांना ‘हात-ताई केंद्रावर निघाली’ असं दाखवायचंय. दारातून एक बाही बाहेर जाताना दिसली की पुरे, असं तो मुलगा म्हणाला. तीही माझीच जाईल. मग करार संपेल. पण काल रात्री त्याचाच फोन आला, "काकू, ताईला सांगा ना, परीक्षेनंतर थांबू नका. पुढच्या वर्षीची पोरं आत्तापासून येऊन बसलीत." मी म्हटलं, बघू. हेरिनला सांगितलं नाही.

तुम्ही मागच्या वर्षी जे बोललात त्यावर मला काही म्हणायचं नाही. तुम्ही बोललात, मीही बोलले. पण त्या दिवशी वायर उपटणाऱ्या बाईकडे ती अजून ‘माझी आत्या’ म्हणूनच बघते, हे तुम्हाला कळावं.

पुढच्या बुधवारी बाबांना सुट्टी आहे. ते तिला पहाटेच्या गाडीने मोकपोच्या बंदरावर आणतील आणि बेटाच्या बोटीत बसवून परत फिरतील. सातला मला बसायचंय, म्हणून निरोप घरातच घेईन. तुम्ही धक्क्यावर याल ना? तिला हात धरून उतरवा, तिचा उजवा अजून भरवशाचा नाही. डाव्याने ती सगळं करू शकते, आता सवय झालीय.

उलट टपाली ‘येऊ दे’ एवढंच लिहून पाठवा. ‘नको’ असेल तर तसंही लिहा, पण लिहा. आणि पाकिटावर माझं नाव घाला, हेरिनचं नको. पत्ता फुटल्यापासून हात-ताईच्या नावाने रोज पेटीभर टपाल येतं, शिकवणीवाल्यांचा माणूस ते उघडायला घेऊन जातो. सुन-ओकच्या नावाने कुणाचंच येत नाही, ते थेट माझ्या हातात पडेल.

सुन-ओक